उघड्यावरच्या जलवाहिन्या, व्हॉल्व्ह आणि पंपघरांचे रक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या नळपाणी योजनांचे काम पाहताना सरपंच, पाणीपुरवठा समितीचे सदस्य, पाणी सोडणारे कर्मचारी आणि क्वचित वैतागलेले ग्रामस्थ यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाहिनी सगळीच जमिनीखाली का टाकत नाहीत? मुळात ती उघडी ठेवायचीच कशाला?

कोकणात हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पहार मारून पाहावी. वरचा मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो आणि खाली सलग जांभा लागतो. त्यात हातभर खोल चर खणण्याचा खर्च पाइपाच्या किमतीलाही मागे टाकतो, म्हणून अनेक योजनांमध्ये सड्यावरचा भाग जमिनीवरूनच नेलेला असतो. वहाळ किंवा पऱ्या ओलांडताना वाहिनी खांबांवरून न्यावी लागते. याशिवाय काही भाग मुद्दामच हाताशी ठेवावे लागतात : चढाच्या माथ्यावरचे, वाहिनीतली हवा आत-बाहेर करू देणारे एअर व्हॉल्व्ह, सखल जागी गाळ काढण्यासाठीचे वॉशआउट, वाड्यांकडे पाणी वळवणारे स्लूस व्हॉल्व्ह, पाणी उपसण्याची विहीर (जॅकवेल), पंपघर आणि साठवण टाकी. हे पुरून टाकले तर योजना चालवताच येणार नाही. पुरता येईल तो भाग पुरणे हे मात्र कोणत्याही कुलपापेक्षा चांगले संरक्षण आहे, आणि नवे अंदाजपत्रक होताना त्यासाठी आग्रह धरावा.

२. नुकसान करतो कोण? चोरच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि या एका गैरसमजापायी पैसे चुकीच्या जागी खर्च होतात. मोडतोड पाहायला गेल्यावर आधी मोडलेल्या वस्तूकडे नव्हे, तर तिच्या भोवतालच्या जमिनीकडे पाहावे. एअर व्हॉल्व्हपर्यंत गवतातून पायवाट पडलेली असेल, शेजारच्या दगडावर हंड्याच्या बुडाचे गोल ओले ठसे असतील आणि व्हॉल्व्हच्या तोंडात, आतला तोंड बंद करणारा गोळा वर बसू नये म्हणून, काडी किंवा चिंधी खुपसलेली असेल, तर तेथे पाण्याची गरज असलेले माणूस येऊन गेले आहे. शेणाचे पो आणि खुरांनी तुडवलेला चिखल दिसला, तर गुराख्याने गुरांना पाणी पाजले आहे. बोल्ट पान्याने नीट सोडवून पितळी भाग तेवढाच गेला असेल आणि पाइपाला ओरखडाही नसेल, तर मात्र तो भंगाराचा धंदा आहे. व्हॉल्व्ह शाबूत आहे पण नेहमीपेक्षा चार फेरे अधिक बंद आहे, असे आढळले तर खालच्या आणि वरच्या वाडीतले भांडण समजावे. निव्वळ टवाळखोरी, म्हणजे दगड मारून दाब दाखवणारा गेज फोडणे किंवा टाकीवर चढून बसणे, ही बहुधा मे महिन्यात आणि शिमग्याच्या दिवसांत वाढते.

या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तहानलेल्या माणसापुढे लोखंडी पेटी ठेवली तर तो पेटी तोडतो, आणि भंगारवाल्यापुढे ठेवली तर तो पेटीसुद्धा नेतो.

३. सड्यावरचा एअर व्हॉल्व्ह दर उन्हाळ्यात फोडतात. पेटी बसवली, तीही तोडली. आता काय करावे?

फोडणारे कोण आहेत हे प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी ठरवावे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्रकरणांत वाहिनी ज्या सड्यावरून जाते तेथेच एखादी धनगरवाडी किंवा पाच-सात घरांची वस्ती असते, तिच्या दारावरून गावाचे पाणी रोज जाते आणि तिला मात्र नळ नसतो. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे, आणि ते जसे गावठाणाला लागू आहे तसेच त्या पाच घरांनाही. अशा ठिकाणी पेटी हा उपाय नव्हेच. वाहिनीला रीतसर फेरूल (नळजोडणीचा तुकडा) मारून जवळच एक नळ द्यावा, त्याखाली हंडा ठेवण्यापुरता चिऱ्यांचा ओटा करावा आणि गुरांसाठी, नळाखाली सांडणारे पाणी साठेल अशी, एक छोटी कुंडी बांधावी. एका योजनेत तीन वर्षांत चार व्हॉल्व्ह बदलल्यावर आम्हाला हे सुचले, ही आमचीच चूक. नळ दिल्यावर पाचवा व्हॉल्व्ह बदलावा लागला नाही, कारण तो सांभाळण्यात आता त्या वस्तीचाही स्वार्थ होता.

व्हॉल्व्ह फुटू देणे का धोक्याचे आहे, हे ग्रामसभेत एकदा समजावून सांगितले पाहिजे. वाहिनी भरताना आतली हवा बाहेर जाण्यासाठी आणि रिकामी होताना बाहेरची हवा आत येण्यासाठी तो असतो. पंप बंद झाल्यावर पाणी उताराने निघून जाते, माथ्यावर पोकळी तयार होते आणि फुटक्या व्हॉल्व्हच्या भोवती साचलेले डबके, त्यात जे काही असेल त्यासह, वाहिनीत ओढले जाते. जे पाणी सकाळी गुरांनी ढवळले तेच संध्याकाळी कोणाच्या तरी माठात जाते.

नळ देऊनही संरक्षण हवेच. त्यासाठी व्हॉल्व्हभोवती चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे चेंबर बांधून वर जड काँक्रीटचे झाकण ठेवावे, आणि हवेसाठी एक वाकवलेला पाइप चेंबरच्या बाहेर, तोंड खाली करून आणि जाळी लावून काढावा. चेंबरला तळाशी निचरा ठेवायला विसरू नये. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात निचरा नसलेले चेंबर म्हणजे विहीरच, आणि त्यात बुडालेला व्हॉल्व्ह फुटक्या व्हॉल्व्हइतकाच वाईट.

४. चेंबरची लोखंडी झाकणे आणि पितळी भाग चोरीला जातात. उपाय काय?

ज्याला भंगारात किंमत नाही ते वापरावे. बिडाच्या झाकणाऐवजी काँक्रीटचे किंवा फायबरचे झाकण घ्यावे. पितळी तोट्या व जोड जेथे बदलता येतील तेथे प्लॅस्टिकचे घ्यावेत, आणि जेथे धातू टाळता येत नाही तेथे ग्रामपंचायतीचे नाव वस्तूवर ठोकून कोरावे, कारण रंगाने लिहिलेले नाव घासून जाते. आसपासच्या भंगार दुकानदारांना कोरलेल्या खुणेचा फोटो आधीच देऊन ठेवावा. हे साधे काम कोणी करत नाही. उघड्या बोल्टसाठी, घट्ट आवळल्यावर डोके तुटून गुळगुळीत राहणारे बोल्ट मिळतात.

नट वेल्डिंगने जाम करून टाकण्याची सूचना अनेक जण करतात. ती मानू नये. चोर कदाचित थांबेल, पण रात्री वाहिनी फुटली तर तुमचा स्वतःचा फिटरही तेथे हात टेकेल.

५. कुलपे सहा महिन्यांत गंजून जाम होतात आणि मग आम्हालाच तोडावी लागतात. कोणते कुलूप लावावे?

खाडीकाठी आणि समुद्राजवळ साध्या लोखंडी कुलपाचे आयुष्य एक पावसाळा. पितळी अंगाचे आणि स्टेनलेस स्टीलच्या कडीचे कुलूप घ्यावे. स्टीलमध्येही ३१६ प्रतीचे स्टील खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगले टिकते. आत तेल किंवा ग्रीस घालू नये, त्यात धूळ बसून लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड घालावी. आमच्या एका पाणी सोडणाऱ्या काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून तो कुलपावर टोपीसारखा अडकवला होता, वरचे टोक बांधलेले आणि खालचे मोकळे. पाणी गळून जाते, वारा लागत राहतो. त्या कुलपाची किल्ली चौथ्या वर्षीही एका बोटाने फिरत होती. बाजारातल्या कोणत्याही कव्हरापेक्षा मला तेच पसंत आहे.

सर्व ठिकाणी एकाच किल्लीने उघडणारी कुलपे घ्यावीत, मात्र किल्ल्या तीनच असाव्यात आणि कोणाकडे कोणती आहे ते नोंदवहीत सहीनिशी लिहावे. कर्मचारी बदलला आणि किल्ली परत आली नाही, तर सगळी कुलपे बदलावीत.

६. वहाळावरच्या पाइपावरून मुले आणि मोठी माणसेही चालत जातात. कसे थांबवावे?

लोक पाइपावरून चालतात कारण दुसरा रस्ता लांबचा असतो. पावसाळ्यात वहाळ भरला की शाळेला, दुकानाला किंवा शेताला जाण्यासाठी तोच पूल होतो. शेजारी साकव मंजूर करून घेणे हा खरा उपाय आहे. तो होईपर्यंत दोन्ही टोकांना पाइपाभोवती लोखंडी सळ्यांचा, पंख्यासारखा पसरलेला अडथळा बसवावा. तो पाइपाच्या तिन्ही बाजूंना हातभर तरी बाहेर आलेला असावा, नाहीतर मुले त्याला वळसा घालून जातात, आणि तसा वळसा घालणे हे नुसते चालण्यापेक्षा धोक्याचे. अडथळा पाइपाला वेल्ड न करता पट्ट्याने आवळावा, म्हणजे पाइपाचा गंजरोधक थर जळत नाही. काठाला धोक्याचा फलक लावावा. खांबांच्या पायथ्याला पुरातून आलेले ओंडके अडकतात, तेही मोडतोडीइतकेच नुकसान करतात. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत दर आठवड्याला एक फेरी ठेवावी.

७. पंपघर आणि टाकीला कुंपण कसले घालावे?

लोखंडी जाळीचे कुंपण कागदावर शोभते. किनाऱ्यावर ते लवकर गंजते आणि गंजले की हाताने वाकते. मला चिऱ्यांचा गडगा अधिक भरवशाचा वाटतो : छातीइतका उंच, वर दोन पदरी काटेरी तार आणि आतून दिसेल इतका मोकळा परिसर. गडग्याला लागून निवडुंग किंवा करवंदीची वई वाढवली तर पाच वर्षांत ती तारेपेक्षा चांगले काम करते. मात्र वईने पंपघर रस्त्यावरून झाकले जाणार नाही इतपत ती छाटत राहावी, कारण आडोसा हा घुसणाऱ्याच्याच सोयीचा. आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीवरून टाकीच्या छतावर उतरता येत असेल तर गडग्याचा काही उपयोग नाही. टाकीच्या शिडीचा खालचा पुरुषभर भाग काढता येण्याजोगा करून पंपघरात ठेवावा.

८. रानडुकरांसाठी बागेला लावतात तसा विजेचा झटका देणारा तारेचा वेढा पंपघराला लावला तर?

लावू नये. घरगुती किंवा पंपाची वीज थेट तारेत सोडणे बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसे मरतात. कोणी दगावल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ किंवा १०६ खाली गुन्हा वेढा लावणाऱ्यावर आणि लावायला सांगणाऱ्यावर दाखल होऊ शकतो.

९. वणव्यात सड्यावरचा काळा पाइप दोनशे मीटर वितळला. हा घातपात धरायचा का?

बहुधा नाही. काळा एच.डी.पी.ई. (प्लॅस्टिकचा) पाइप उन्हाला चांगला टिकतो, कारण त्यात काजळीचे प्रमाण ठेवलेले असते, पण तो १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि सुक्या गवताची आग त्याच्या कितीतरी पुढे जाते. भाजावळीची ठिणगी, काजूच्या बागेत पालापाचोळा जाळताना सुटलेली आग किंवा टाकलेली विडी एवढे कारण पुरते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागले की पाइपाच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन मीटर गवत कापून जाळरेषा ठेवावी, आणि जेथे शक्य आहे तेथे पाइपावर वीतभर माती व जांभ्याची खडी टाकावी. कायम उघडा राहणारा तुकडा लोखंडी किंवा डी.आय. (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाच्या) पाइपाचा करणे शेवटी स्वस्त पडते.

आग मुद्दाम लावल्याचा पुरावा असेल, उदाहरणार्थ वाहिनीच्या रेषेतच तीन-चार वेगळ्या जागी पेटवल्याच्या खुणा, तर जागा न हलवता फोटो काढून प्रश्न १२ प्रमाणे तक्रार द्यावी.

१०. सीसीटीव्ही बसवावेत का?

पंपघराला वीज आहे, तेथे बसवावेत. सड्यावर सौर पॅनेलवरचा कॅमेरा बसवला की पहिली चोरी त्या पॅनेलची होते. गावातला निवृत्त माणूस, ज्याची रोजची फेरी तशीही त्या बाजूने असते, त्याला थोडे मानधन देऊन नोंदवही हातात दिली तर अधिक काम होते.

११. सकाळी टाकीचे झाकण उघडे आणि कुलूप तुटलेले सापडले. पाणी सोडावे की नाही?

सोडू नये. आत काही दिसत नाही, वास येत नाही, म्हणून पाणी ठीक आहे असे धरून चालण्याचा अधिकार पाणी सोडणाऱ्याला नाही. पुरवठा बंद ठेवून दवंडी आणि व्हॉट्सअॅप दोन्ही मार्गांनी गावाला कळवावे, ज्यांनी पहाटेच पाणी भरले असेल त्यांना ते न पिण्यास सांगावे आणि पोलिसांना व आरोग्य केंद्राला फोन करावा. टाकी रिकामी करण्यापूर्वी स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन ठेवावा. हा नमुना न घेता टाकी धुऊन टाकणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. नंतर काय पडले होते हे कोणालाच सांगता येत नाही आणि गावात अफवा मात्र महिनाभर फिरते. नमुना प्रयोगशाळेत देऊन, पोलिसांनी जागा पाहिल्यावर टाकी रिकामी करावी, घासून धुवावी, क्लोरिन देऊन पुन्हा भरावी आणि शेवटच्या नळावर मुक्त अवशिष्ट, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेले, क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळते का ते पाहावे. विषारी पदार्थाचा थोडाही संशय असेल तर क्लोरिनची चाचणी पुरेशी नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत टँकरच आणावा.

ब्लीचिंग पावडरची पोती पंपघराच्या उघड्या पडवीत ठेवण्याची सवयही या निमित्ताने सोडावी.

१२. पोलीस ठाण्यात तक्रार देताना कोणती कलमे लागतात? ठाण्यात सांगतात की ही किरकोळ बाब आहे.

ती किरकोळ नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम ३२६ मध्ये पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्याचा पुरवठा घटेल असे नुकसान करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक अधिनियम, १९८४ च्या कलम ३ (२) मध्ये पाणीपुरवठ्याच्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख असून शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरीची आहे, आणि ग्रामपंचायतीची मालमत्ता त्यात येते. न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३, आवारात घुसण्यासाठी कलम ३२९ आणि सार्वजनिक जलसाठा खराब करण्यासाठी कलम २७९ आहे.

तक्रार ग्रामपंचायतीच्या पत्रावर, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सहीने द्यावी. त्यात मालमत्ता कोणाची, ती शेवटची शाबूत केव्हा आणि कोणी पाहिली, किती घरांचे पाणी किती तास बंद राहिले आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती, हे लिहावे. फेरीची नोंदवही येथे कामाला येते, कारण ‘काल संध्याकाळी सहाला व्हॉल्व्ह ठीक’ ही एक ओळ दहा साक्षीदारांच्या तोडीची असते. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली यावरून टोलवाटोलवी होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे. प्रकार चालू असतानाच दिसला तर ११२ वर फोन करावा, स्वतः अंगावर जाऊ नये.

१३. व्हॉल्व्ह ज्याच्या जागेत आहे तो मालकच आत जाऊ देत नाही आणि मनात येईल तेव्हा पाणी बंद करतो. जागा त्याची, मग गुन्हा कसा?

जमीन त्याची आहे, पण वाहिनी आणि व्हॉल्व्ह ग्रामपंचायतीचे आहेत, आणि पुरवठा तोडणे हे प्रश्न १२ मधल्या कलमांखालीच येते. तरीही पोलिसांकडे जाण्याआधी कपाट उघडावे. जुन्या योजनांच्या वेळी आजोबांनी तोंडी ‘घाला पाइप’ म्हटलेले असते, कागद काहीच नसतो, आणि आता मुंबईहून आलेला नातू किंवा जमीन विकत घेतलेला परका माणूस विचारतो की परवानगी कोणाची. त्याच्या बोलण्यात तथ्य असते. संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र सापडले तर ते दाखवावे. नसेल तर मोजणी करून, व्हॉल्व्हची जागा आणि तेथे जाण्याची वाट नकाशावर दाखवून आता तरी लेखी करार करावा. वाटेवर कवाडी त्याची आणि कुलूप दोघांचे, म्हणजे साखळीत दोन कुलपे एकमेकांत अडकवलेली, ही तडजोड अनेक ठिकाणी चालली आहे.

१४. आमच्या बागेतून गॅसची वाहिनी जाते. पिवळे दगड, खांब आणि कुंपणातले व्हॉल्व्ह आहेत. तेथेही हेच नियम लागू होतात का?

नाही, तेथे नियम बरेच कडक आहेत. दाभोळच्या टर्मिनलकडून पनवेलकडे ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीची वाहिनी जाते (नाव दाभोळचे असले तरी टर्मिनल आहे गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला). अशा वाहिन्यांना १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीचा अधिनियम लागू होतो. त्यात जमिनीची मालकी तुमचीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतलेला असतो. त्या पट्ट्यात भात किंवा नाचणी करता येते, पण घर, विहीर, तळे, बंधारा बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही, म्हणजे हापूसचे कलमही नाही. वाहिनीची मोडतोड केल्यास किंवा तिला चोरून जोडणी घेतल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि घातपाताच्या हेतूने केलेल्या कृत्याला जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

पट्ट्यात उभे केलेले छोटे खांब नुसती हद्द दाखवत नाहीत. त्यांतल्या काहींमधून वाहिनीला गंजापासून वाचवणाऱ्या विद्युत व्यवस्थेची मोजणी होते. आतली तांब्याची तार ओढून नेणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये मिळतात आणि वाहिनीचे मात्र कित्येक मीटरचे संरक्षण नकळत ढिले पडते. म्हणून खांब मोडलेला दिसला तरी फलकावरच्या क्रमांकावर कळवावे. लांब पल्ल्याच्या वाहिनीतल्या वायूला घरगुती गॅससारखा वास असेलच असे नाही, त्यामुळे फुसफुस आवाज, उडणारी माती किंवा एकाच पट्ट्यात वाळलेले गवत हीच खूण समजावी, गाडी किंवा पंप चालू न करता वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जावे आणि मग फोन करावा. जेसीबीने चर खणण्यापूर्वी, मग तो नळाच्या पाइपासाठी असला तरी, ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर नोंद करावी.

१५. रात्री वाहिनी फुटली, कर्मचारी सापडला नाही, लोकांनी कुलूप तोडून व्हॉल्व्ह बंद केला. त्यांच्यावर कारवाई करायची का?

करू नये. नुकसानीच्या गुन्ह्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते, आणि मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, केलेल्या कृतीला न्याय संहितेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. दुसऱ्या दिवशी त्या लोकांचे नाव घेऊन नोंदवहीत घटना लिहावी, नवे कुलूप लावावे आणि त्या वाडीतल्या एकाला प्रश्न ५ मधल्या तीन किल्ल्यांपैकी एक द्यावी. व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत आणि किती सावकाश बंद करायचा हेही त्याला हाताने करून दाखवावे, कारण घाईने एकदम बंद केलेल्या व्हॉल्व्हच्या दणक्याने दुसऱ्या जागी पाइप फुटल्याचे मी दोनदा पाहिले आहे.